ॲल्युमिनियमच्या बोटीचा पत्रा किती उरलाय? जाडी तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोट म्हटली की डोळ्यांसमोर लाकूड येतं, नाहीतर फायबर. त्यांची दुखणी ओळखणारी माणसं प्रत्येक बंदरात आहेत. तांडेल टोचणी मारून कुजलेली फळी दाखवतो, फायबरचा फुगवटा हाताला लागतो. ॲल्युमिनियमच्या बोटी इथे कमी. गस्तीच्या, बंदरातल्या कामाच्या, पाहणीच्या आणि काही प्रवासी, एवढ्याच. त्यांचं दुखणं आतून वाढत जातं आणि बाहेर रंग चकचकीत राहतो. अशा बोटींची जाडी मोजण्याचं काम मी रत्नागिरीत राहून करतो. मालक, तांडेल आणि इंजिनवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही तपासणी म्हणजे नक्की काय करतात?

पत्र्यावर थोडं जेल लावायचं, त्यावर अंगठ्याएवढा प्रोब टेकवायचा आणि गेजवरचा आकडा वाचायचा. प्रोब पत्र्यात आवाज सोडतो. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतच ऐकू येतं, आणि हा आवाज बहुतेक वेळा ५० लाख कंपनांचा असतो. तो पत्र्याच्या पलीकडच्या तोंडावर आपटून परत येतो. जाण्यायेण्याला किती वेळ लागला, त्यावरून गेज जाडी काढतं. ५ मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये ही फेरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या साधारण दीडपट वेळात पुरी होते.

यात भोक पाडावं लागत नाही आणि पत्र्याच्या एकाच बाजूला हात पोचला तरी काम होतं. आतलं फ्लोअरिंग, टाक्या, फोम काहीही न उचलता बाहेरून तळ मोजता येतो.

जेल कशाला, असंही विचारतात. प्रोब आणि पत्रा यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहिली तरी हा आवाज पुढे जात नाही. जेल ती हवा हटवतं. मे महिन्यात दुपारी ते दोन मिनिटांत सुकतं, म्हणून मी सकाळी लवकर सुरुवात करतो.

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही ना? मग मोजायचं कशाला?

लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, हे खरं. हवा लागली की ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साईडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. ओरखडा पडला तरी थर परत धरतो. म्हणून ५०८३ सारख्या समुद्री मिश्रधातूचा उघडा, स्वच्छ, वाऱ्यावरचा पत्रा बिनरंगाचा ठेवला तरी वर्षानुवर्षं टिकतो.

हा थर परत धरायला ऑक्सिजन लागतो. ओल्या गोणपाटाखाली, चिखलाखाली, रबरी मॅटखाली किंवा दोन पत्र्यांच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही आणि मिठाचं पाणी मात्र पोचतं. तिथे थर फुटतो आणि परत धरत नाही. मग टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेतून खड्डा खोल जात राहतो. वर पांढरी, पिठासारखी पूड दिसते. कुणाला ते मीठ वाटतं, कुणाला रंगाची भुकटी. ती हाताने पुसून बोट पुढे नेणारी माणसं मी पाहिली आहेत. ती पूड म्हणजे तुमचा पत्रा आहे.

लोखंडी बोट मोठ्या भागावर, बऱ्यापैकी सारखी झिजते. ॲल्युमिनियम बहुतेक जागी जसंच्या तसं राहतं आणि चारच जागी आरपार जातं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या फरकातून येतात.

आमच्या बोटीवर आधी कुठे बघाल?

बाहेरून नाही, आतून. बिल्जमध्ये, म्हणजे तळातलं पाणी जिथे साचतं तिथे. तिथला सगळा कचरा उपसून गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय मी गेज बाहेर काढत नाही.

बॅटरीच्या पेटीखाली हमखास बघतो. ॲसिडचे थेंब, ओल आणि तारांचे तुकडे तिथे एकत्र येतात. मग डिझेलच्या टाकीचा तळ, कारण डिझेलखाली पाणी बसतं. त्यानंतर वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेली नायलॉन दोरीची वेटोळी, बर्फाच्या पेट्यांखालचं गोणपाट, सीटखाली कोंबलेला फोम. ओला फोम पत्र्याला चिकटून बसला की वाळतच नाही. बोट वर काढल्यावर ज्या लाकडी ठोकळ्यांवर टेकवतात, त्या ठोकळ्यांखालचा भागही सोडू नका. ओलं लाकूड पत्र्याला दोन महिने चिकटून राहतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून तांबे असलेलं औषध मारलेलं असेल तर नुकसान दुप्पट होतं.

मग तांबं आणि पितळ. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना लागले की विजेच्या सेलसारखा प्रकार होतो आणि प्रत्येक वेळी ॲल्युमिनियमच झिजतं. पितळी व्हॉल्व्ह, पितळेची नट-बोल्टं, वायरमनने कापून टाकलेले तांब्याच्या तारेचे तुकडे, ड्रिलचा पितळी कीस, या सगळ्यांनी पत्रा खाल्ल्याचं मी पाहिलंय. एक गोष्ट मी मालकांना हात जोडून सांगतो. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा करताना वाहिलेलं पितळी नाणं किंवा तांब्याचं काही घरंगळून बिल्जमध्ये गेलं, तर त्याच दिवशी शोधून काढा. पूजेची जागा वर, कोरड्यात ठेवा. एक नाणं साचलेल्या खाऱ्या पाण्यात एका जागी पडून राहिलं तर त्याच्याखाली आरपार छिद्र पडू शकतं.

बाहेरच्या बाजूला शाफ्ट आणि प्रॉपेलरच्या आसपास, आउटबोर्ड इंजिन टांगतात त्या ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, बोल्टांच्या भोवती, पाण्याच्या रेषेवर आणि शेवाळं काढताना रंग उडालेल्या जागी बघतो. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग बहुतेक वेळा चांगला असतो. तिथे आधी मोजून खूश होऊ नये.

तळाला शेवाळं-कालवं धरू नयेत म्हणून लावायचा रंग तांब्याचा तर नाही ना, हेही डबा वाचून बघा. लाकडी बोटीला चालणारा क्युप्रस ऑक्साईडचा रंग ॲल्युमिनियमला लावायचा नाही. पाऱ्याचा थर्मामीटरही बोटीवर नको. फुटला तर पारा ॲल्युमिनियमला भराभर पोखरतो.

लोखंडी बोटी मोजणारा माणूस ॲल्युमिनियमची मोजेल का?

मोजेल, पण गेजमधला वेग बदलायला हवा. आवाज स्टीलमधून सेकंदाला साधारण ५,९२० मीटर जातो आणि ॲल्युमिनियममधून साधारण ६,३२० मीटर. गेज स्टीलवर राहिलं तर खरा ६ मिलिमीटरचा पत्रा ५.६ च्या आसपास दिसतो. मालक घाबरतो आणि चांगला पत्रा कापायला निघतो. असं घडलेलं आहे.

बऱ्याच गेजवर शून्य लावायला एक छोटी चकती असते. ती स्टीलची असते. तिच्यावर शून्य लावून झालं की वेग ॲल्युमिनियमचा करायचा आणि मग जाडी माहीत असलेल्या ॲल्युमिनियमच्या पायरीदार ठोकळ्यावर दोन ठिकाणी पडताळायचं. एक पायरी तुमच्या पत्र्याहून पातळ, एक जाड. ठोकळा बोटीच्या सावलीत तासभर ठेवून बोटीइतकाच गरम होऊ द्यावा, कारण धातू तापला की आवाज थोडा मंदावतो. साधारण ५५ अंश फरकाला १ टक्का. एरवी हा फरक छोटा, पण मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या पत्र्याला आणि एसीच्या गाडीतून नुकत्याच काढलेल्या ठोकळ्याला तो लागू होतो.

तपासणीला आलेला माणूस ॲल्युमिनियमचा ठोकळा काढून दाखवत नसेल तर मोजणी सुरू होऊ देऊ नका. हे मी कडकपणे सांगतो.

रंग खरवडावा लागेल का? नुकताच लावलाय.

बहुतेक वेळा नाही. पण गेज कुठल्या पद्धतीने चालवतात यावर ते अवलंबून आहे.

साध्या पद्धतीत गेज पहिला प्रतिध्वनी धरतं, त्यामुळे रंगही मोजला जातो. रंगातून आवाज ॲल्युमिनियमच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो, म्हणून रंग फुगवून दिसतो. अर्ध्या मिलिमीटरच्या रंगामुळे आकडा १.३ मिलिमीटरने वाढू शकतो. म्हणजे ४ चा उरलेला पत्रा ५.३ दिसेल. ही चूक स्टीलच्या सेटिंगपेक्षा घातक, कारण ती माणसाला निर्धास्त करते.

दुसऱ्या पद्धतीत गेज पत्र्यातल्या लागोपाठच्या प्रतिध्वनींमधलं अंतर मोजतं, त्यात रंग आपोआप वगळला जातो. रंगवलेल्या बोटीवर हीच पद्धत वापरावी. अट एवढीच की रंग पत्र्याला घट्ट धरलेला हवा. फुगलेला, सुटलेला रंग किंवा जाड पुट्टी असेल तर आवाज आत जातच नाही. तिथे खरवडावंच लागतं. आणि रंगाचा फोड दिसला तर तो मी मुद्दाम फोडून बघतो, कारण फोडाखाली पांढरी पूड असते की नुसतं पाणी, हे महत्त्वाचं आहे.

खरवडायला प्लास्टिकची पट्टी किंवा नायलॉनचा ब्रश घ्या. साध्या लोखंडी ब्रशचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच खड्डा सुरू होतो.

सगळीकडे ४.९ आलं. ५ ची प्लेट होती. म्हणजे बोट ठणठणीत?

एवढ्यावरून नाही सांगता येत.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. खाडीत काम करणारी एक बोट मी साठेक ठिकाणी मोजली. एकही आकडा ४.८ च्या खाली नव्हता. मी तसं लिहून दिलं. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात गेली आणि दोन महिन्यांत बिल्ज पंप वारंवार चालू व्हायला लागला. शोधल्यावर स्टिअरिंगच्या पुढे, पाय ठेवायच्या रबरी मॅटखाली पेन्सिलीच्या टोकाएवढं छिद्र निघालं. मॅट चिकटवलेली होती, म्हणून मी ती उचलली नव्हती आणि बाहेरून त्या जागी मोजलंही नव्हतं. माझे साठही आकडे बरोबर होते. बोटीवर सहा माणसं असायची. सुदैवाने ते किनाऱ्याजवळ लक्षात आलं. तेव्हापासून मॅट उचलू न देणाऱ्या मालकाच्या बोटीचा अहवाल मी लिहीत नाही, किंवा लिहिला तर "ही जागा पाहिलेली नाही" असं पहिल्याच पानावर लिहितो.

दुसरी अडचण खुद्द प्रोबची. त्याचा व्यास साधारण १० मिलिमीटर असतो आणि खड्डा २ मिलिमीटरचा असू शकतो. प्रोब पत्र्याच्या दुसऱ्या तोंडावर, खड्ड्याच्या बरोबर मागे ठेवला तरी गेज आजूबाजूचा चांगला पत्रा वाचू शकतं. खड्ड्याच्या उतरत्या भिंतीवर आवाज भलतीकडे फेकला जातो आणि परत येतच नाही. म्हणून चांगल्या पत्र्यावर प्रोब सरकवताना मध्येच रीडिंग गायब झालं, तर "जेल कमी पडलं" म्हणून पुढे जाऊ नये. परत जेल लावून त्याच जागी दोनतीनदा बघावं. रीडिंग न येणं हीसुद्धा बातमी आहे.

आकडा अचानक अर्ध्यावर आला, म्हणजे ५ च्या पत्र्यात २ दिसले, तर पत्र्याच्या आत पापुद्रे सुटले असण्याची शक्यता असते. ५०८३ मध्ये मॅग्नेशियम ४ टक्क्यांहून जास्त असतं. असे मिश्रधातू वर्षानुवर्षं ६५ अंशांच्या वर तापत राहिले तर कणांच्या सीमांवरून पोखरले जाऊ शकतात. इंजिनाच्या एक्झॉस्टजवळचा भाग आणि काळ्या रंगाचं उन्हात तापणारं डेक इथे मी हे लक्षात ठेवून बघतो.

आणि उलट फसवणूकही होते. पत्रा १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ उरला की साधी गेजं कधी कधी दुसरा प्रतिध्वनी धरतात आणि दुप्पट आकडा दाखवतात. पातळ जागेचा संशय असेल तर पडद्यावर प्रतिध्वनींची आकृती दाखवणारं गेज लागतं. नुसत्या आकड्यावर तिथे विश्वास ठेवू नये.

किती ठिकाणी मोजता? किती वेळ लागतो?

आठ-दहा मीटरच्या बोटीला माझा एक पूर्ण दिवस जातो आणि त्यातला निम्मा धुण्यात आणि सामान उचलण्यात. प्रत्येक प्लेटवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये, अशी किमान पाच रीडिंग. संशयाच्या जागी खडूने चौकटी आखून ५ सेंटिमीटरवर, मग १ सेंटिमीटरवर. आतून दिसणारे खड्डे गेजने मोजत बसण्याऐवजी खोली मोजायच्या साध्या डायल गेजने मोजतो. खड्डा दोन मिलिमीटर खोल आणि शेजारचा पत्रा पाच, म्हणजे तीन उरले. डोळे आणि टॉर्च हे या कामात गेजच्या बरोबरीचे आहेत.

बोट पाण्यात असताना होईल का?

आतून होईल. पत्र्याच्या पलीकडे हवा असो वा पाणी, बहुतेक आवाज परतच येतो. हंगामाच्या मध्यात शंका आली तर हे उपयोगाचं आहे. पण बाहेरचे खड्डे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून वार्षिक तपासणी बोट वर काढूनच करा.

वर्षात कधी करावी?

मेच्या शेवटी, बोट वर ओढल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. बहुतेक मालक जुलैच्या शेवटी, रंगाचं काम उरकताना बोलावतात. तोवर उशीर झालेला असतो. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला ओल अजिबात चालत नाही. हवेतला दमटपणा आणि पत्र्यावरची ओल यातून हायड्रोजन सुटतो आणि वेल्डमध्ये बारीक बुडबुडे राहतात. कोकणातल्या जुलैमध्ये उघड्यावर चांगलं वेल्ड मिळणं कठीण. मेमध्ये दोष कळला तर पाऊस पडायच्या आत प्लेट बदलून होते. नाही जमलं तर निदान शेड बघायला वेळ मिळतो.

शाकारण्याबद्दलही सांगतो. झापांनी शाकारलेल्या लाकडी होडीत वारा खेळतो. ॲल्युमिनियमच्या बोटीवर निळी ताडपत्री गच्च आवळून बांधली तर आत दोन महिने घाम धरतो. दोन्ही टोकं उघडी ठेवा, तळाचा बूच काढा आणि पाणी बुचाकडे वाहील अशा उतारावर बोट टेकवा.

आमची बोट बहुतेक खाडीत असते. झिंक बसवलंय. मग काळजी नाही ना?

इथे थोडं थांबून बघायला हवं. झिंकचा तुकडा ॲल्युमिनियमच्या आधी स्वतः झिजतो आणि बोट वाचवतो, पण खाऱ्या पाण्यात. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, कुंडलिका, सगळ्या खाड्यांचं पाणी पावसाळ्यात गढूळ आणि जवळजवळ गोडं होतं. निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यात झिंकवर कडक साल धरते आणि ते काम करायचं थांबतं. वर काढल्यावर झिंक नव्यासारखं दिसलं की मालकाला बरं वाटतं. मला तेव्हाच धास्ती वाटते, कारण झिजलं नाही याचा अर्थ बहुधा त्याने बोटीला सांभाळलंही नाही.

समुद्र आणि खाडी दोन्हीकडे फिरणाऱ्या बोटीला इंडियम घातलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ॲनोड, म्हणजे झिंकसारखेच आधी झिजणारे तुकडे, जास्त बरे. मॅग्नेशियमचे ॲनोड फक्त गोड्या पाण्यासाठी. ते समुद्रात वापरले तर संरक्षण गरजेपेक्षा जास्त होतं, पत्र्याजवळचं पाणी अल्कधर्मी बनतं आणि अल्कातही ॲल्युमिनियम विरघळतं. अति काळजीनेच पत्रा जातो. कोणताही ॲनोड असो, त्यावर रंग लावायचा नाही आणि तो धातूला धातू भिडवूनच बसवायचा.

खात्री हवी असेल तर सिल्व्हर-क्लोराईडचा इलेक्ट्रोड पाण्यात सोडून व्होल्टमीटरने बोटीचं विद्युतदाब मोजता येतं. ॲल्युमिनियमच्या बोटीला उणे ०.९५ ते उणे १.१० व्होल्टच्या दरम्यान आकडा असावा.

जेटीवरून चार्जर लावतो. त्याने काही होतं?

होऊ शकतं, आणि झालं तर सगळ्यात वेगाने होतं. सदोष वायरिंगमुळे बॅटरीची वीज पत्र्यातून पाण्यात वाहू लागली तर जिथून ती बाहेर पडते तिथला धातू विरघळतो. हिशेब साधा आहे. १ अँपिअर प्रवाह दिवसभरात साधारण ८ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळवतो. तो सगळा एकाच जागी बाहेर पडला तर ५ मिलिमीटरच्या पत्र्यात सुमारे ६ चौरस सेंटिमीटरचं भगदाड. एका दिवसात. बाकी सगळी झिजण्याची कारणं महिन्यांची, वर्षांची आहेत, हे मात्र आठवड्याभरात बोट बुडवू शकतं.

म्हणून बिल्ज पंपाची वायर पाण्यात लोंबकळत ठेवू नका, बोटीचं कवच परतीची तार म्हणून कधीच वापरू नका आणि बोटीवर वेल्डिंग करताना वेल्डिंग मशिनची अर्थिंगची तार त्याच बोटीच्या त्याच पत्र्याला लावा. एखाद्या वर्षी खड्डे अचानक वाढले तर मी गेज ठेवून आधी वायरमनला बोलवायला सांगतो.

किती झिजलं तर धोका?

अंतिम निर्णय सर्वेअरचा, म्हणजे बोटीची अधिकृत पाहणी करणाऱ्याचा, बोटीच्या रचनेप्रमाणे. पण आकड्याकडे कसं बघायचं ते सांगतो. पत्र्याची वाकण्याला तोंड द्यायची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे घटते. जाडी २० टक्क्यांनी कमी झाली की ही ताकद ३६ टक्क्यांनी कमी होते आणि ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. "पाचातले चार तर उरलेत" हे म्हणणं म्हणूनच फसवं.

मोठ्या भागावर १० टक्के घट दिसली तर मी कारण शोधायला लागतो आणि पुढची तपासणी सहा महिन्यांवर आणतो. २० च्या पुढे गेलं तर प्लेट बदलायचं बोलतो. एकट्या खड्ड्याचं गणित वेगळं: बोटीची ताकद त्याने फारशी कमी होत नाही, पण पाणी आत यायला तेवढा खड्डा पुरतो. आणि ०.१ मिलिमीटरच्या फरकावरून झोप उडवून घेऊ नका. बंदरात, उघड्यावरच्या कामात एवढा फरक मोजण्याचाच असतो.

मूळ जाडी माहीत नसेल तर त्याच प्लेटचा पाण्याच्या वरचा, कोरडा राहिलेला भाग मोजून त्याला मूळ धरतो.

आमची बोट फायबरची / लाकडाची आहे. ही तपासणी चालेल?

लाकडाला नाही. फायबरला वेगळे प्रोब आणि वेगळी पद्धत लागते. धातूच्या गेजने फायबरवर काढलेला आकडा कुणी दिला तर घेऊ नका.

वेल्डच्या चिरा कळतात का?

जाडीच्या गेजने नाही. त्यासाठी वेल्ड साफ करून रंगीत पेनेट्रंट मारतात, चिरेत शिरलेला रंग नंतर बाहेर दिसतो. ट्रान्समचे कोपरे आणि इंजिनाच्या बेडचे वेल्ड यांना मी हे सुचवतोच.

गेज स्वतः विकत घेऊन मोजलं तर?

अवश्य मोजा. आठवड्याला एक कोपरा या हिशेबाने तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जागा बघाल, आणि बोटीवर ओल कुठे धरते हे तुमच्या खलाशाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. फक्त गेज ॲल्युमिनियमच्या वेगावर लावता येणारं आणि रंग वगळून मोजणारं असावं. सर्वेक्षणाच्या कागदपत्रांसाठी मात्र प्रशिक्षित, प्रमाणपत्र असलेल्या माणसाचा अहवाल लागतो. कोणाचा चालेल, हे बोलावण्याआधी तुमच्या सर्वेअरला विचारून घ्या.

अहवालात काय असायला हवं?

बोटीचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक रीडिंगची जागा. जागेशिवाय नुसत्या आकड्यांची यादी पुढच्या वर्षी काहीच कामाची नाही. नकाशावर "फ्रेम ४ आणि ५ मध्ये, डाव्या बाजूला, कीलपासून (तळाच्या मधल्या कण्यापासून) ३० सेंटिमीटर" असं लिहिलेलं असेल तर पुढचा माणूस, तो मी असेन किंवा दुसरा कुणी, नेमका तिथेच प्रोब टेकवेल. शिवाय गेजचा आणि प्रोबचा प्रकार, वापरलेला वेग, ठोकळ्यावर पडताळल्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे, रंग होता की नाही, आणि न पाहिलेल्या जागा. या शेवटच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसेल तर विचारा की टाकीखालचं कसं पाहिलं.

मी मालकांना एक जाड वही ठेवायला लावतो. बोट विकली तर वही बोटीबरोबर जाते.

खड्डा सापडला. आता?

आधी कारण काढून टाका: मॅट, नाणं, पितळी बोल्ट, तुटकी वायर, जे असेल ते. कारण तसंच ठेवून केलेली दुरुस्ती शेजारी नवा खड्डा पाडते.

उथळ खड्डे धुऊन, घासून, पूर्ण सुकवून, प्रायमर आणि रंगाने बंद करता येतात. खोल पण सुटा खड्डा असेल तर चांगला वेल्डर तो चमकदार धातू लागेपर्यंत कोरून भरतो. एकाच भागात अनेक असतील तर तेवढा तुकडा कापून, कोपरे गोल ठेवून, त्याच मिश्रधातूची प्लेट बसवावी. ५०८३ ला सहसा ५१८३ ची वायर वापरतात, आर्गॉनखाली. जुन्या पत्र्यावर दुसरा पत्रा चिकटवून वेल्ड करायला मी नाही म्हणतो. दोघांच्या मध्ये फट राहते, पाणी शिरतं आणि तिथे मोजताही येत नाही. स्टीलची पट्टी आणि बोल्ट तर नकोच. इपॉक्सी पुट्टी बंदरापर्यंत पोचण्यापुरती.

नवी प्लेट बसली की रंग चढायच्या आधी तिच्यावर पाच ठिकाणी मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. त्या प्लेटची मूळ जाडी पुढे कधी अंदाजाने धरावी लागणार नाही.